फ्रंट-एंड मेल सर्व्हर आणि रिले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातल्या ज्या पतसंस्था, शाळा आणि कारखान्यांचे मेलबॉक्स अजून ऑफिसातल्याच सर्व्हरवर आहेत, त्यांच्या सिस्टिम सांभाळणाऱ्यांसाठी हे पान आहे. सगळी माहिती लिनक्सवरच्या पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरच्या ३.५ आणि पुढच्या आवृत्त्यांना धरून आहे. सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलीत ती रोमन लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच लिहायची. २०३.०.११३.१० हा पत्ता आणि 'आपलीसंस्था.इन' हे डोमेन फक्त उदाहरणासाठी आहे.

फ्रंट-एंड म्हणजे नेमकं काय? आमचा सर्व्हर आहे तसा चाललाय की.

बाहेरच्या जगाशी बोलणारा सर्व्हर वेगळा आणि मेलबॉक्स ठेवणारा सर्व्हर वेगळा, अशी ही मांडणी आहे. एमएक्स नोंद, म्हणजे डोमेनचे मेल कुठे द्यायचे ते सांगणारी डीएनएस नोंद, फ्रंट-एंडकडे बोट दाखवते. तो मेल घेतो, तपासतो आणि मागच्या सर्व्हरकडे सोडतो, यालाच रिले म्हणतात. त्याच्याकडे एकही मेलबॉक्स नसतो आणि एकही पासवर्ड नसतो. उद्या तो फुटला तरी संस्थेचा जुना पत्रव्यवहार चोराच्या हाती लागत नाही. ऑफिसची लाइन गेली तरी येणारे मेल तिथे थांबून राहतात. या दोन गोष्टींसाठीच हा खटाटोप करायचा.

तो ऑफिसातल्याच ब्रॉडबँडवर ठेवला तर?

ठेवू नका. साध्या ब्रॉडबँड जोडणीत बहुतेक वेळा स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळत नाही, एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. बाहेर जाणारा २५ नंबरचा पोर्ट, ज्यावरून सर्व्हर एकमेकांना मेल देतात, अनेकदा बंद असतो, आणि उलटी नोंद, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी पीटीआर, आपल्या नावाने करून मिळत नाही. फ्रंट-एंड भाड्याच्या व्हीपीएसवर, म्हणजे डेटा सेंटरमधल्या आभासी सर्व्हरवर, ठेवा. मात्र घेण्यापूर्वीच विचारून घ्या की २५ पोर्ट बाहेर जाण्यासाठी उघडा आहे का. बरेच क्लाऊडवाले तो सुरुवातीला बंद ठेवतात आणि काही जण अर्ज केल्यावरही उघडत नाहीत.

मग व्हीपीएसवरून ऑफिसातल्या सर्व्हरपर्यंत मेल पोचणार कसा? वायरगार्डचा बोगदा, म्हणजे दोन सर्व्हरांमधली खासगी जोडणी (व्हीपीएन), टाका. बोगदा ऑफिसकडून सुरू होतो, त्यामुळे सार्वजनिक आयपी नसला तरी अडत नाही. ऑफिसच्या बाजूला पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा. नाहीतर राउटर काही वेळाने जोडणी विसरतो, आणि मग ऑफिसमधून काहीतरी बाहेर गेल्याशिवाय मेल आत येत नाही. या पानावर फ्रंट-एंडचा बोगद्यातला पत्ता १०.८.०.१ आणि मागच्या सर्व्हरचा १०.८.०.२ धरला आहे.

केवढं मशीन लागेल?

शंभर-दीडशे मेलबॉक्सच्या संस्थेला एक कोअर, २ जीबी रॅम आणि २५ जीबी डिस्क पुरते. क्लॅमएव्ही हा व्हायरस-तपासक लावणार असाल तर रॅम ४ जीबी घ्या. त्याच्या व्हायरस-खुणाच एक जीबीहून जास्त जागा खातात, आणि रॅम संपली की लिनक्स जी प्रक्रिया मारेल ती बहुधा हीच असते. ती मेली की मिल्टर, म्हणजे पोस्टफिक्सला जोडलेली ही तपासणी, उत्तर देत नाही आणि सगळे मेल ४५१ (तात्पुरता नकार) देऊन परत जाऊ लागतात.

किमान मांडणी काय?

पोस्टफिक्सच्या मुख्य सेटिंग फाइलीत, मेन.सीएफमध्ये, एवढं तरी हवंच:

मायहोस्टनेम = एमएक्स१.आपलीसंस्था.इन
मायओरिजिन = आपलीसंस्था.इन
मायडेस्टिनेशन =
लोकल_ट्रान्सपोर्ट = एरर:इथे मेलबॉक्स नाहीत
मायनेटवर्क्स = १२७.०.०.०/८, १०.८.०.२/३२
रिले_डोमेन्स = आपलीसंस्था.इन
रिले_रेसिपियंट_मॅप्स = हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/रिले_रेसिपियंट्स
ट्रान्सपोर्ट_मॅप्स = हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/ट्रान्सपोर्ट
एसएमटीपीडी_रिले_रिस्ट्रिक्शन्स = परमिट_मायनेटवर्क्स, रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन

ट्रान्सपोर्ट फाइलीत एकच ओळ:

आपलीसंस्था.इन   एसएमटीपी:[१०.८.०.२]:२५

मायडेस्टिनेशन रिकामं ठेवायचं म्हणजे रिकामंच. डोमेन तिथेही आणि रिले_डोमेन्समध्येही लिहिलं, तर पोस्टफिक्स लॉगमध्ये इशारा देतो आणि मेल मागे पाठवण्याऐवजी स्थानिक समजतो. 'युजर अननोन इन लोकल रेसिपियंट टेबल' असा नकार दिसला की पहिल्यांदा हेच बघा.

तक्त्याच्या फाइलीत बदल केला की पोस्टमॅप चालवायचा. नुसती फाइल जतन करून काही होत नाही, कारण पोस्टफिक्स वाचतो ती त्या फाइलीपासून बनलेली डीबी. काही नव्या वितरणांत हॅश प्रकार येत नाही. 'पोस्टकॉन्फ -एम' टाकून कुठले प्रकार आहेत ते बघा आणि हॅश नसेल तर एलएमडीबी वापरा. शेवटी 'पोस्टफिक्स चेक', मग 'पोस्टफिक्स रीलोड'.

पोस्टमास्टर आणि अब्यूज हे दोन पत्ते चालू असलेच पाहिजेत. ते रेसिपियंटच्या यादीत घाला आणि मागच्या सर्व्हरवर खऱ्या माणसाच्या मेलबॉक्सला जोडा. तुमच्याकडून स्पॅम निघाला तर कळवणारे तिथेच कळवतात.

पत्त्याभोवती चौकोनी कंस कशासाठी?

कंस असला की पोस्टफिक्स एमएक्स शोधत नाही, थेट त्याच यजमानाकडे जातो. पत्त्याऐवजी नाव लिहिलंत आणि कंस विसरलात, तर तो त्या नावाचा एमएक्स शोधतो. तो फ्रंट-एंडच निघाला की मेल गोल फिरतो.

रेसिपियंटची यादी इथे कशाला? मागचा सर्व्हर तपासतोच की.

या पानावरचं एकच उत्तर नीट वाचायला वेळ असेल, तर हे वाचा.

मेलचा मजकूर घेऊन सर्व्हरने '२५० ओके' म्हटलं की त्या मेलची जबाबदारी त्याच्यावर आली. आरएफसी ५३२१ या मेलच्या मानकाचा तो पायाच आहे: घेतलेला मेल एकतर पोचवायचा, नाहीतर पोचला नाही म्हणून पाठवणाऱ्याला कळवायचं. आता फ्रंट-एंडला यादी माहीत नाही असं समजा. 'सेल्स१२३@आपलीसंस्था.इन' असा काहीतरी ठोकून दिलेला पत्ता आला. फ्रंट-एंडने तो घेतला, मागच्याने नाकारला. आता परत कळवणं फ्रंट-एंडला भाग आहे. पण स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असतो, त्यामुळे हा बाऊन्स, म्हणजे मेल पोचला नाही असं कळवणारा मेल, जातो भलत्याच, निरपराध माणसाकडे. असे हजारो बाऊन्स सुटले की तुमचा आयपी ब्लॉकलिस्टमध्ये जातो. मग संस्थेची खरी पत्रंही कुठे पोचत नाहीत. शिवाय ज्यांचे सर्व्हर उत्तरच देत नाहीत अशा खोट्या पत्त्यांचे बाऊन्स क्यूमध्ये, म्हणजे पाठवायच्या रांगेत, पाच-पाच दिवस अडून राहतात आणि खरे मेल त्यांच्यामागे रेंगाळतात.

दारातच ५५०, म्हणजे कायमचा नकार, दिला की यातलं काही होत नाही. नकार समोरच्या सर्व्हरला त्याच जोडणीत मिळतो. पाठवणारा खरा माणूस असेल आणि त्याने पत्ता चुकवला असेल, तर त्याचाच सर्व्हर त्याला लगेच सांगतो. म्हणून जो मेल मागे पोचणार नाही असं आधी कळू शकतं, तो पुढे घ्यायचाच नाही. यादी, साइज, लिपी, पुढचे बरेचसे प्रश्न याच एका नियमाकडे येतात.

यादीत '@आपलीसंस्था.इन ओके' अशी एक ओळ टाकून मोकळं व्हायचा मोह होतो. तसं केलं तर यादी असून नसल्यासारखीच.

यादी ताजी कशी ठेवायची? नवा कर्मचारी आला की दोन्हीकडे टाकायचं लक्षात राहत नाही.

हाताने ठेवूच नका. मागच्या सर्व्हरवरून पत्ते आणि अलियास (पर्यायी पत्ते) काढणारी छोटी स्क्रिप्ट दर १५ मिनिटांनी क्रॉनमधून चालवा आणि फाइल आरसिंकने फ्रंट-एंडवर टाका. स्क्रिप्टमध्ये दोन पथ्यं पाळा. नवी फाइल रिकामी असेल, किंवा आधीच्या निम्म्याहून कमी ओळींची असेल, तर ती वापरू नका. डेटाबेस बंद असताना स्क्रिप्ट चालली तर यादी शून्य होते आणि अख्ख्या संस्थेचे मेल ५५० देऊन कायमचे परत जातात. दुसरं म्हणजे अलियास आणि ग्रुपचे पत्ते विसरू नका. 'अकाउंट्स@' किंवा 'प्रवेश@' वर कुणी लॉगिन करत नाही, म्हणून ते मेलबॉक्सच्या यादीत येत नाहीत.

स्क्रिप्ट जमत नसेल तर रिजेक्ट_अनव्हेरिफाइड_रेसिपियंट हा पर्याय आहे. पत्ता पहिल्यांदा दिसला की फ्रंट-एंड मागच्या सर्व्हरला विचारतो आणि उत्तर साठवतो. होकार ३१ दिवसांपर्यंत आणि नकार ३ दिवसांपर्यंत धरला जातो. ही तपासणी लावल्यावर रिले_रेसिपियंट_मॅप्स रिकामं सोडायचं. मूळ सेटिंगमध्ये नकाराचा कोड ४५० असतो, म्हणजे समोरचा पुन्हा पुन्हा येत राहतो. आठवडाभर लॉग बघून खात्री पटली की अनव्हेरिफाइड_रेसिपियंट_रिजेक्ट_कोड ५५० करा. मागच्या सर्व्हरवर कॅच-ऑल असेल तर मात्र ही तपासणी निरुपयोगी आहे, तो कुणालाही नाही म्हणतच नाही. आणि लाइन बंद असताना आधी न पाहिलेल्या पत्त्याला तात्पुरता नकार मिळतो, कारण विचारायला मागे कुणी नसतं. त्याने मेल हरवत नाही, समोरचा नंतर पुन्हा आणतो. तरी लाइन वरचेवर जाणाऱ्या ठिकाणी यादीच बरी.

मायनेटवर्क्समध्ये, म्हणजे विश्वासातल्या पत्त्यांत, फक्त ऑफिसचं नेटवर्क आहे, तरी आम्ही ओपन रिले झालो, म्हणजे कुणाचेही मेल कुणालाही पोचवू लागलो. कसं?

जवळजवळ नेहमी याला नॅट, म्हणजे राउटरने पत्ते बदलणं, कारणीभूत असतं. राउटरने २५ पोर्ट आत वळवताना पाठवणाऱ्याचा पत्ताही बदलला, तर सगळं जग तुम्हाला १९२.१६८.१.१ वरून आल्यासारखं दिसतं. तो पत्ता १९२.१६८.०.०/१६ मध्ये बसतो, म्हणून पोस्टफिक्स सगळ्यांना घरचं माणूस समजतो. डॉकरमध्ये पोस्टफिक्स चालवणाऱ्यांचंही असंच होतं, तिथे सगळे १७२.१७.०.१ वरून येताना दिसू शकतात.

लॉगमध्ये 'कनेक्ट फ्रॉम' च्या ओळी बघा. बाहेरचे वेगवेगळे पत्ते दिसत नसतील आणि एकच खासगी पत्ता परत परत येत असेल, तर मेल सेवा त्याच मिनिटाला थांबवा. नॅट दुरुस्त झाल्याशिवाय ती सुरू करू नका. स्वतःचा १२७.०.०.०/८ सोडला तर मायनेटवर्क्समध्ये पूर्ण पट्टा कधीच लिहायचा नाही, /३२ लावून नेमका यजमान लिहायचा.

आमच्या कोल्हापूर आणि गडहिंग्लजच्या शाखांनी मेल कसे पाठवायचे? त्यांचे आयपी मायनेटवर्क्समध्ये घालू का?

नाही. शाखांचे आयपी बदलतात, आणि उद्या तोच आयपी दुसऱ्याच कुणाच्या घरी जातो. माणसांनी ५८७ किंवा ४६५ पोर्टवर पासवर्ड देऊन मेल पाठवायचा. फ्रंट-एंडच्या २५ पोर्टवर लॉगिनची सोयच ठेवू नका. तिथे ती असली की दिवसरात्र पासवर्डचे अंदाज बांधणारे येत राहतात.

जुनं डोमेन 'बेल्गाम' वर आहे, नवं 'बेळगावी' वर. दोन्ही कसं चालवायचं?

१ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत नाव बदललं आणि अनेकांनी नव्या स्पेलिंगचं दुसरं डोमेन घेतलं. जुन्या लेटरहेडवर, पासबुकांवर, दुकानांच्या पाट्यांवर पहिलंच राहिलं. दोन्ही डोमेन रिले_डोमेन्समध्ये, ट्रान्सपोर्टमध्ये आणि रेसिपियंटच्या यादीतही घाला. यादी बनवणाऱ्या स्क्रिप्टने प्रत्येक पत्ता दोन्ही डोमेनसह लिहिला की काम झालं. मागच्या सर्व्हरलाही दोन्ही आपली आहेत हे माहीत हवं.

जुनं डोमेन रिन्यू करत राहा. ते सुटलं आणि दुसऱ्या कुणी उचललं, तर खातेदारांची पत्रं, ओटीपी, पासवर्ड बदलण्याचे दुवे त्याच्याकडे जायला लागतील. वर्षाच्या शुल्कापुढे हा धोका फार मोठा आहे.

पावसाळ्यात खानापूरकडची लाइन दोन-दोन दिवस जाते. मेल हरवतील का?

हरवणार नाहीत. पोस्टफिक्स मेल ५ दिवस क्यूमध्ये ठेवतो आणि मधूनमधून प्रयत्न करतो. पहिला पुन्हा-प्रयत्न साधारण ५ मिनिटांनी होतो, मग अंतर वाढत ४००० सेकंदांपर्यंत, म्हणजे तासाच्या थोडं वर जातं. म्हणून लाइन आल्यावर मेल लगेच न येता तासाभरात येतात. थांबायचं नसेल तर 'पोस्टक्यू -एस आपलीसंस्था.इन' टाका, त्या डोमेनचे अडकलेले मेल तेव्हाच निघतात.

आडबाजूच्या शाखेसाठी मॅक्सिमल_क्यू_लाइफटाइम १० दिवस केलंत तरी चालेल. बाऊन्स_क्यू_लाइफटाइम मात्र १ दिवस करा, खोट्या पत्त्यांचे बाऊन्स उगाच साठवण्यात अर्थ नाही. डिले_वॉर्निंग_टाइम शून्यच राहू द्या.

लाइन आल्यावर साठलेले मेल एकदम मागे जातात, आणि इथे एक खड्डा आहे. मागच्या सर्व्हरवर फेल२बॅन किंवा दर मिनिटाची मर्यादा असेल, तर तो तुमच्याच फ्रंट-एंडला हल्लेखोर समजून अडवतो. १०.८.०.१ हा पत्ता या दोन्हीतून वगळा.

दुसरा एमएक्स घ्यावा का?

बहुतेकांना गरज नाही. पाठवणारे सर्व्हर स्वतःच काही दिवस प्रयत्न करतात. घेतलाच, तर त्यावर पहिल्यासारखीच यादी आणि तेवढीच कडक तपासणी हवी. स्पॅम पाठवणारे मुद्दाम जास्त आकड्याच्या एमएक्सवर जातात, कारण मागच्या दाराला कडी नसते हे त्यांना ठाऊक असतं.

फ्रंट-एंड लावल्यापासून मागच्या सर्व्हरवर सगळ्यांचं एसपीएफ फेल होतंय.

होणारच. मागच्याला प्रत्येक मेल १०.८.०.१ वरून आलेला दिसतो, आणि बँकेच्या किंवा जीमेलच्या एसपीएफमध्ये, म्हणजे त्यांचे मेल कुठल्या आयपींवरून निघू शकतात त्या नोंदीत, तो पत्ता नसतो. एसपीएफ, ब्लॉकलिस्ट, ग्रेलिस्टिंग (अनोळखी पाठवणाऱ्याला आधी तात्पुरता नकार) अशा आयपीवर बेतलेल्या सगळ्या तपासण्या फ्रंट-एंडवरच करा आणि मागे बंद करा. मागे स्पॅमअसॅसिन हा स्पॅम-गाळक असेल तर ट्रस्टेड_नेटवर्क्स आणि इंटर्नल_नेटवर्क्समध्ये फ्रंट-एंडचा पत्ता घाला, म्हणजे तो त्याच्या आधीच्या टप्प्याचा आयपी तपासतो. मागच्या सर्व्हरचा २५ पोर्ट फायरवॉलमध्ये फक्त फ्रंट-एंडसाठी उघडा ठेवा. नाहीतर जुना पत्ता माहीत असलेले थेट मागे जातात आणि पुढची सगळी तपासणी वाया जाते.

बाहेर जाणारे मेल जीमेलच्या स्पॅममध्ये पडतात.

मागच्या सर्व्हरवर रिलेहोस्ट = [१०.८.०.१] करा, म्हणजे जाणारा प्रत्येक मेल फ्रंट-एंडवरूनच निघेल. मग एकेक गोष्ट तपासा.

पीटीआर नोंद व्हीपीएस देणाऱ्याच्या पॅनलमध्ये असते, डोमेन विकणाऱ्याकडे नाही. २०३.०.११३.१० वरून एमएक्स१.आपलीसंस्था.इन निघालं पाहिजे, त्या नावावरून तोच आयपी परत निघाला पाहिजे आणि हेलोतही, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीला सर्व्हर स्वतःचं नाव सांगतो तिथेही, तेच नाव असलं पाहिजे. सर्व्हरला आयपीव्ही६ असेल आणि त्याची उलटी नोंद नसेल, तर जीमेल थेट नाकारतो. नोंद करा, नाहीतर आयनेट_प्रोटोकॉल्स = आयपीव्ही४ ठेवा. कधी पोचतो, कधी परत येतो अशी तक्रार बहुतेकदा इथे मिटते.

एसपीएफची नोंद डोमेनला एकच असते. दोन असल्या तर दोन्ही निकामी होतात. बल्क मेलवाला, वेबसाइटवाला असे 'इन्क्लूड' वाढत जाऊन डीएनएस शोध १० च्या वर गेले, तरी नोंद बाद ठरते.

डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डिजिटल सही, फ्रंट-एंडवर करा, २०४८ बिटांच्या किल्लीने. सही झाल्यावर मेलमध्ये काही जोडू नका. खाली 'हा मेल गोपनीय आहे' असली ओळ नंतर चिकटवली की सही मोडते. डीएनएसमधला एक तुकडा २५५ अक्षरांपुढे जात नाही, त्यामुळे ही किल्ली दोन अवतरणांत तोडून लिहावी लागते.

डीमार्क, म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद, आधी 'नन' (काही करू नका) वर ठेवा आणि महिनाभर अहवाल वाचा. अकाउंटिंग सॉफ्टवेअर, एसएमएसवाल्याचं पोर्टल, कुठल्या कोपऱ्यातून तुमच्या नावाने मेल जातात ते तिथे कळतं. सगळे पास व्हायला लागले की 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका).

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू हे सगळं काटेकोरपणे मागतात. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवत असाल, तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे आहेत. जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय हवी, आणि स्पॅम म्हणून तक्रारीचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवं. सभासदांना वार्षिक सभेची नोटीस पाठवताना जुनी, न तपासलेली यादी वापरली की हा आकडा झटकन ओलांडतो.

संचालकांना त्यांचे मेल जीमेलवर फॉरवर्ड करून हवेत.

टाळा. फॉरवर्ड झालेला मेल तुमच्या आयपीवरून जातो पण पाठवणारा दुसऱ्याच डोमेनचा असतो, म्हणून एसपीएफ मोडतं. त्यातून स्पॅमही फॉरवर्ड होतो आणि बदनाम तुमचा आयपी होतो. फोनवरच्या जीमेल ॲपमध्येच संस्थेचं आयमॅप खातं जोडून द्या, त्यांना एकाच जागी सगळं दिसतं. फॉरवर्ड केल्यावाचून सुटका नसेल तर पोस्टएसआरएसडी बसवून पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून पाठवा.

'मेल लूप्स बॅक टू मायसेल्फ' असं येतं.

ट्रान्सपोर्टमध्ये ओळ नाही, पोस्टमॅप राहिलाय किंवा कंस राहिलाय. याउलट 'टू मेनी हॉप्स' आलं तर दोष मागच्याचा आहे. त्याला डोमेन आपलं वाटत नाही, म्हणून तो एमएक्स शोधून मेल परत फ्रंट-एंडकडे पाठवतो, आणि ५० टप्पे झाले की पोस्टफिक्स थांबवतो.

स्पॅम अडवायला सुरुवात कुठून करावी?

पोस्टस्क्रीनपासून, म्हणजे पोस्टफिक्सच्या दारावरच्या पहारेकऱ्यापासून. तो नव्या पाहुण्याला ६ सेकंद थांबवतो. खरा मेल सर्व्हर आपण '२२०' म्हणेपर्यंत गप्प राहतो, घाईतला बॉट आधीच बोलू लागतो आणि सापडतो. पोस्टस्क्रीन_ग्रीट_ॲक्शन = एन्फोर्स एवढ्यावर बरीच गर्दी ओसरते. खोल प्रोटोकॉल तपासण्या सुरुवातीला लावू नका. त्या पास झालेल्यालाही पुन्हा जोडायला लावतात, आणि मोठ्या कंपन्या दर वेळी वेगळ्या आयपीवरून येत असल्यामुळे त्यांचे मेल तासन् तास अडतात.

स्पॅमहाऊसची ब्लॉकलिस्ट लावणार असाल तर सर्व्हरवर अनबाऊंड हा स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर चालवा. ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारलं, तर १२७.२५५.२५५.२५४ असं चुकीचा वापर कळवणारं उत्तर येतं. तुमची ओळ कुठल्याही उत्तराला 'यादीत आहे' समजत असेल तर सगळ्या जगाचे मेल नाकारले जातात. म्हणून ओळीत =१२७.०.०.[२..११] असा पट्टा लिहावा.

मराठी किंवा कन्नड मजकुराच्या मेलला वेगळं काही लागतं का?

मजकुराला आणि विषयाला काही लागत नाही, ते नेहमीच्या एन्कोडिंगमधूनच जातात. स्पॅमअसॅसिनमध्ये ओके_लोकेल्स आणि ओके_लँग्वेजेस 'ऑल' वरच ठेवा. कुणीतरी स्पॅम कमी करायला तिथे फक्त इंग्रजी लिहितो, आणि आपल्याकडे मराठीतले अर्ज, कन्नडमधली सरकारी परिपत्रकं, दोन्ही गुण वाढून स्पॅममध्ये जातात.

पत्ताच देवनागरीत असेल, '.भारत' वरचा, तर गोष्ट वेगळी. त्यासाठी २०१२ च्या आरएफसी ६५३१ मधली एसएमटीपीयूटीएफ८ सोय लागते, पोस्टफिक्समध्ये ती ३.० पासून आहे. अडचण अशी, की फ्रंट-एंड ती सोय जाहीर करतो, देवनागरी पत्त्यावरून आलेला मेल घेतो, आणि मागच्या जुन्या सर्व्हरला ती नसते. मग घेतलेला मेल बाऊन्स करावा लागतो. मागचा सर्व्हर अद्ययावत करा, तोवर फ्रंट-एंडवर एसएमटीपीयूटीएफ८_एनेबल = नो ठेवा.

टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) सक्तीचं करू?

२५ पोर्टवर येणाऱ्यासाठी 'मे', म्हणजे जमलं तर. तिथे सक्ती केलीत तर जुने सर्व्हर मेल पोचवू शकणार नाहीत. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र ९० दिवस चालतं. नूतनीकरणानंतर 'पोस्टफिक्स रीलोड' आपोआप होईल असा हुक लावा.

एसएमटीपी स्मगलिंगचा आम्हाला धोका आहे का?

पुढे-मागे दोन सर्व्हर असणाऱ्यांना आहेच. डिसेंबर २०२३ मध्ये हा प्रकार उघड झाला. मेलचा शेवट दाखवणारा एकटा ठिपका कुठल्या ओळतोडीनंतर मानायचा, याबद्दल दोन सर्व्हरांचं मत वेगळं असलं, की एका मेलच्या पोटात लपवलेला दुसरा बनावट मेल मागच्याला स्वतंत्र वाटतो. तो विश्वासातल्या सर्व्हरकडून आलेला असल्याने मागे तपासलाही जात नाही. एसएमटीपीडी_फॉरबिड_बेअर_न्यूलाइन = नॉर्मलाइझ लावा. पोस्टफिक्स ३.९ मध्ये ते मूळचंच आहे, ३.८.५, ३.७.१०, ३.६.१४ आणि ३.५.२४ पासून लिहून लावता येतं. मागे पोस्टफिक्स असेल तर तिथेही लावा.

मोठ्या फाइली परत का येतात?

पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट आहे. जोडलेली फाइल एन्कोड होताना सुमारे ३७ टक्क्यांनी फुगते, म्हणून साडेसात एमबीच्या पुढची फाइल अडते. २५ एमबीच्या फाइली हव्या असतील तर मर्यादा ३.६ कोटी बाइट करा. मागच्या सर्व्हरची मर्यादा पुढच्याइतकी किंवा जास्तच हवी. ती कमी असली तर पुढे घेतलेला मेल मागे नाकारला जातो, आणि आपण पुन्हा बाऊन्सवर येतो.

मेल कुठे अडकला ते कसं शोधायचं?

फ्रंट-एंडच्या लॉगमध्ये पत्ता शोधा, त्या ओळीतला क्यू-आयडी घ्या आणि त्या आयडीच्या सगळ्या ओळी काढा. शेवटच्या ओळीत 'सेंट' आणि पुढे 'क्यूड ॲज' असेल, तर त्यानंतरचा आयडी मागच्या सर्व्हरचा आहे. तो घेऊन मागच्या लॉगमध्ये जा. 'डिलेज' मध्ये चार आकडे असतात. तिसरा मोठा असेल तर जोडणी जुळायला वेळ लागतोय, बोगदा बघा. चौथा मोठा असेल तर मागचा सर्व्हर सावकाश घेतोय, त्याची डिस्क बघा. दोन्ही सर्व्हरांची घड्याळं क्रोनीने जुळवून ठेवा, नाहीतर लॉग जुळवताना डोकं भणाणतं.

लॉग किती दिवस ठेवायचे?

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवस. लॉगरोटेटची नेहमीची मांडणी आठवड्याला एक अशा चारच फाइली ठेवते, ती २७ करा. सर्व्हर फुटल्याचं लक्षात आलं तर ६ तासांच्या आत सर्ट-इनला कळवावं लागतं, तेव्हा हेच लॉग मागितले जातात.

एमएक्स बदलण्यापूर्वी काय तपासावं?

आदल्या दिवशी एमएक्सचा टीटीएल (इतरांनी नोंद साठवून ठेवायचा वेळ) ३०० सेकंद करा. एमएक्समध्ये यजमानाचं नाव लिहायचं, आयपी किंवा सीनेम (दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) चालत नाही. चाचणी बाहेरच्या दुसऱ्या व्हीपीएसवरून स्वॅक्स या चाचणीच्या साधनाने करा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून २५ पोर्ट सहसा मिळत नाही, आणि ऑफिसमधून केलेली चाचणी खोटा दिलासा देते.

खऱ्या पत्त्याला २५० आलं पाहिजे आणि मेल मागच्या मेलबॉक्समध्ये दिसला पाहिजे. नसलेल्या पत्त्याला ५५० ५.१.१ आलं पाहिजे. तिसऱ्याच डोमेनच्या पत्त्याला ५५४ ५.७.१ 'रिले ॲक्सेस डिनाइड' आलं पाहिजे. तिथे ४५४ आलं तर रिले_रिस्ट्रिक्शन्सची ओळ मूळचीच राहिली आहे. २५० आलं तर एमएक्सला हात लावू नका.

पहिले दोन दिवस सॉफ्ट_बाऊन्स = येस ठेवा. त्याने पोस्टफिक्सचे स्वतःचे ५ ने सुरू होणारे नकार ४ ने जातात, यादीत एखादा पत्ता राहून गेला असला तर पाठवणारा पुन्हा येतो आणि मेल वाचतो. या दोन दिवसांत लॉगमध्ये 'युजर अननोन' शोधून राहिलेले पत्ते भरा, मग ती ओळ काढून रीलोड करा. ती तशीच राहिली तर स्पॅमवाले तेच मेल घेऊन पुन्हा पुन्हा दारात उभे राहतात.